बहात्तर कोटी ज्यूल आणि कुंपणातलं भोक

समरकंदकडच्या आमच्या येत्तीकुदुक गावातल्या शाळेत मावजुदा आपा बत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवत होत्या आणि त्यातली निदान तीस वर्षं त्या वैतागलेल्या होत्या. मी शिवणकाम शिकवते. आमच्या दोघींच्या वर्गांमधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या मुली टीप घालताना पलीकडून सतत ऐकू यायचं, "ताशी किलोमीटर! पुन्हा ताशी किलोमीटर! अगं, आधी तीन पूर्णांक सहा दशांशनं भाग, मग वर्ग कर! किती वेळा सांगू?" माझ्या मुलींना गतिज ऊर्जेचं सूत्र तोंडपाठ झालं होतं. त्यांच्या मुलांना मात्र नाही.

आपा अंगानं बारीक, डोक्याला कायम करडा रुमाल. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन जिझाख शहरात. घरी एक कोंबड्यांचं खुराडं आणि भिंतभर जुन्या वह्या. त्या कुणाशी भांडायच्या नाहीत. फक्त समोरच्याचं बोलणं चुकलं की दुरुस्त करायच्या, आणि गावात त्यालाच भांडण म्हणतात.

खरा वैताग सुरू झाला तो वेगवान गाडी आल्यावर.

रूळ आमच्याकडे आधीपासून होते. गाव अलीकडे, आणि चराऊ रान, खरबुजांचे मळे, कबरस्तान पलीकडे. जुनी गाडी रमतगमत यायची. तिचा ड्रायव्हर आम्हा सगळ्यांना ओळखायचा. खरबुजाचा हंगाम असला की गाडी अशी हळू करायचा की खाली उभ्या माणसानं फळ वर द्यावं आणि त्यानं ते झेलावं. म्हशी-गायी रुळांवर आल्या तर थांबून शिव्या द्यायचा. त्या शिव्यांची गावाला सवय झाली होती.

मग नवी गाडी आली. चोच असलेली, पांढरी, दिसते न दिसते तोच गेलेली. रुळांच्या दोन्ही बाजूंनी तारेचं उंच कुंपण आलं. पलीकडे जायचं तर पुलावरून, आणि पूल गावापासून तीन किलोमीटर दूर. दुसऱ्याच महिन्यात कुंपणाला भोक पडलं. दोन्हीकडे, समोरासमोर, गाय आरामात जाईल एवढं. कुणी पाडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

आपांनी ते भोक पाहिलं आणि त्या दिवशी नववीच्या फळ्यावर नवं गणित आलं. गाडीचं वस्तुमान चारशे टन. वेग ताशी दोनशे सोळा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साठ मीटर. गतिज ऊर्जा काढा. साठाचा वर्ग छत्तीसशे, त्याला चार लाख किलोनं गुणा, अर्धं करा. बहात्तर कोटी ज्यूल. वर्गात एकूण एकवीस मुलं. उत्तरं एकोणीस प्रकारची आली. पण आपांना त्या दिवशी मुलांशी देणंघेणं नव्हतं. फळ्यावरचं सगळं त्यांनी एका कागदावर उतरवलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत चहाखान्यावर गेल्या. मलाही ओढून नेलं. "दिलोरोम, तू चल. एकटी बाई बोलली की त्यांना वाटतं रडतेय."

तुतीच्या झाडाखालच्या लाकडी बाजेवर गावची मंडळी बसलेली. मधोमध तुर्दीकुल अका, आमच्या मोहल्ल्याचे प्रमुख. तीस वर्षं ट्रॅक्टरवर काढलेला माणूस; बोलतानासुद्धा इंजिन सुरू असल्यासारखा मोठ्यानं बोलायचा. भोकातून दिवसातून सर्वांत जास्त वेळा जाणारी गाय त्यांचीच होती आणि तिला नेणारी त्यांची बायको, होसियत खाला.

आपांनी कागद वाचून दाखवला.

"किती म्हणालात?" तुर्दीकुल अकांनी विचारलं.

"बहात्तर कोटी ज्यूल."

"आणि हा ज्यूल केवढा असतो?"

"एक लहान सफरचंद जमिनीवरून मीटरभर उचललं, की साधारण एक ज्यूल."

"म्हणजे सफरचंदं आहेत म्हणा की!" कोणीतरी मागून बोललं. "बहात्तर कोटी? येऊ द्या. मुरंबा घालू."

हशा पिकला.  तुर्दीकुल अकांनी हात वर करून लोकांना गप्प केलं. "आपा, रागावू नका. आम्हाला कळेल अशा भाषेत सांगा. मला डिझेल कळतं. डिझेलमध्ये सांगा."

आता इथे दुसरं कुणी असतं तर सावध झालं असतं. आपांनी पेन्सिल काढली. डिझेलच्या एका लिटरमध्ये किती ऊर्जा असते ते त्यांना पाठ होतं, साडेतीन कोटींहून थोडी जास्त. त्यांनी भागाकार केला, पुन्हा तपासला, आणि मान वर करून स्वच्छ आवाजात सांगितलं, "वीस लिटर."



"वीस?" तुर्दीकुल अका म्हणाले. "एक डबा? अहो, माझा ट्रॅक्टर जेवायच्या सुट्टीआधी एवढं पितो! आणि त्यानं आजवर कुणाला मारलंय?"

मग मात्र जी हसाहस झाली ती मी कधी विसरणार नाही. चहावाल्याचा हात हलून चहा सांडला. आपा सांगत होत्या की डिझेल हळूहळू जळतं, गाडीची ती सगळी ऊर्जा एका क्षणात तुमच्या समोर उभी असते, गोष्ट वेगळी आहे. पण ऐकतंय कोण. परतताना मी म्हटलं, "आपा, चाळीस हजार लिटर सांगायचं होतं. कोण तपासणार होतं?"

त्या रस्त्यात थांबल्या. "एका भोकासाठी मी खोटं बोलू? मग उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहू?"

 त्या दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा थांबल्या. "पण डिझेल हे उदाहरण मूर्खपणाचं होतं. माझीच चूक."

पुढच्या आठवड्यात त्या नवं उदाहरण घेऊन गेल्या. जुनी गाडी तासाला चोपन्न किलोमीटरनं जायची. तिनं धडक दिली तर शाळेजवळच्या साडेअकरा मीटर उंच पॉपलरच्या झाडावरून पडल्यासारखं. नवी गाडी तिच्या चौपट वेगानं जाते, पण मार चौपट नाही, सोळापट. म्हणजे आपल्या मागच्या टेकडीच्या माथ्यावरून, एकशे चौऱ्याऐंशी मीटरवरून गाडी खाली सोडल्यासारखं.

हे जरा लोकांच्या डोक्यात शिरतंय असं मला वाटलं. एकदोघांनी टेकडीकडे पाहिलंसुद्धा. तेवढ्यात तुर्दीकुल अका म्हणाले, "पण आपा, एवढी चारशे टनांची गाडी टेकडीवर चढवणार कोण?"

आपांनी कागदाची घडी केली आणि घरी आल्या. त्या दिवशी त्यांनी कोंबड्यांनासुद्धा दाणे टाकले ते फेकून मारल्यासारखे.

गावाचं म्हणणं एकच होतं आणि ते अगदी साधं होतं. ड्रायव्हर माणूस आहे. माणसाला डोळे असतात. समोर बाई दिसली की तो ब्रेक लावेल. जुना लावायचाच ना? होसियत खाला तर आपांना तोंडावर म्हणायच्या, "अगं मावजुदा, त्यालाही आई असेल. आईच्या वयाची बाई बघून तो गाडी अंगावर घालेल का? तू फार वाईट विचार करतेस लोकांबद्दल."

"खाला, तो चांगला आहे की वाईट याचा प्रश्नच नाही! त्याला थांबायला दोन किलोमीटर लागतात. आणि वळणावरून त्याला भोक दिसतं ते सहाशे मीटरवरून. सहाशे मीटर म्हणजे दहा सेकंद. त्यानं जीव तोडून ब्रेक दाबला तरी तुमच्यापर्यंत येईल तेव्हा गाडी ताशी एकशे ऐंशीनं असेल."

"दहा सेकंद पुष्कळ झाले की."

"आणि गाय मध्येच उभी राहिली तर?"

"माझी गाय नाही उभी राहत."



शेवटी आपांनी ठरवलं की तोंडानं सांगून उपयोग नाही, पायांनी सांगायला हवं. एका रविवारी त्यांनी तुर्दीकुल अका आणि आणखी चारपाच जणांना भोकापाशी बोलावलं. "इथून चालत जायचं. गाडीला इथे थांबायचं असेल तर ब्रेक जिथे लावावा लागेल तिथपर्यंत. कुंपणाच्या अलीकडून." दोन किलोमीटर म्हणजे काय फार नाही. पण उन्हाळा, वाट दगडांची, आणि तुर्दीकुल अकांचं पोट त्यांच्या चार पावलं पुढे. वळण ओलांडलं, भोक मागे दिसेनासं झालं. आपा म्हणाल्या, "बघा, इथून तुम्हाला भोक दिसतंय? नाही ना? अजून निम्म्याहून जास्त अंतर बाकी आहे." अका एका दगडावर बसले, टोपी काढून वारा घेऊ लागले आणि म्हणाले, "मी इथेच थांबलो. मी थांबू शकतो तर गाडीही थांबेल."

बाकीचे हसत परत फिरले. आपा एकट्या शेवटपर्यंत चालत गेल्या, कापसाच्या खरेदी केंद्राच्या फाटकापर्यंत, आणि एकट्या परत आल्या. मी पुढे गेले नव्हते, हे मला आजही डाचतं.

रेल्वेच्या कचेरीला त्यांनी पत्र लिहिलं, गणितासकट. भोक बुजवा आणि गुरांसाठी खालून वाट द्या, अशी विनंती. दोन महिन्यांनी जाड लिफाफा आला. आतल्या पत्रात रेल्वेविषयी आस्था दाखवल्याबद्दल शिक्षिकेचे आभार मानले होते, गणित बरोबर असल्याचं कळवलं होतं, आणि सोबत गाडीचं चित्र असलेलं एक सुंदर कॅलेंडर होतं. आपांनी ते कॅलेंडर शिक्षकांच्या खोलीत उलटं टांगलं. मुख्याध्यापक रोज सुलटं करायचे, त्या रोज उलटं करायच्या. हे वर्षभर चाललं.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, सकाळचा दुसरा तास चालू असताना, आम्ही भोंगा ऐकला.

रोजचा भोंगा आखूड असतो. हा थांबेचना. त्यामागून लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज आला की माझ्या मुलींनी कान झाकले. पलीकडच्या वर्गात खडू पडल्याचं मला ऐकू आलं, मग दार आपटलं. खिडकीतून पाहिलं तर आपा धावत होत्या. एकोणसाठ वर्षांची बाई, चपला हातात घेऊन.

मी पोचले तेव्हा होसियत खाला खडीवर बसलेल्या होत्या. गुडघे फुटलेले, हातात दोराचं टोक. दोराच्या पुढे काही नव्हतं. गाय कुठे गेली ते सांगायची गरज नव्हती. खडीवर आणि कुंपणावर सगळीकडे दिसत होतं. गाय मध्येच उभी राहिली होती. खालांनी दोर ओढला, ओढला, आणि शेवटच्या क्षणाला का कुणास ठाऊक, हात सैल झाला आणि त्या मागे पडल्या. एवढंच. एवढ्यावर वाचल्या.

आपांनी त्यांचे हातपाय चाचपले, डोकं चाचपलं. मग त्यांना घट्ट धरलं आणि त्यांच्याच कानात ओरडू लागल्या, "नाही उभी राहत म्हणालात ना? माझी गाय नाही उभी राहत म्हणालात ना?"   मी बायकांना हाका मारल्या, त्यांनी खालांना उचलून घरी नेलं.

गाडी पुढे दूर उभी होती, लहानशी दिसत होती. सगळं गाव कुंपणाच्या कडेनं तिकडे धावत निघालं. आपा मात्र धावल्या नाहीत. त्या ओठ हलवत, एकसारखी पावलं टाकत चालल्या होत्या. मी काहीतरी विचारलं तर खेकसल्या, "गप्प! मोजणी चुकेल." तेव्हा मला त्यांचा खरोखर राग आला. रक्तानं हात भरलेले आणि ही बाई पावलं मोजतेय.

दीड किलोमीटर भरलं.

ड्रायव्हर खाली उतरला होता. त्याचा साथीदार वर बसून कचेरीशी बोलत होता. हा कुंपणापलीकडे गाडीच्या चोचीपाशी उभा, पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा, चेहरा पिठासारखा पांढरा. आम्ही दिसताच तारेपाशी आला, दोन्ही हातांनी तार धरली.

"ती बाई?" एवढंच विचारलं त्यानं.

"जिवंत आहे," तुर्दीकुल अका म्हणाले. "माझीच बायको. गुडघे फुटलेत फक्त."

तो जिथे होता तिथेच खाली बसला. तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते.  कुणीतरी घरून किटली आणली होती. तारेच्या फटीतून त्याला चहाची वाटी दिली. त्याचं नाव शुहरत होतं. त्याला वाटलं होतं, बाई गेली.

तो जरा सावरल्यावर तुर्दीकुल अका तारेजवळ उकिडवे बसले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झालेला ऐकला मी. "बेटा, रागावू नकोस. तुला ती दिसली तेव्हाच का नाही ब्रेक लावलास?"

"अका, दिसली त्याच क्षणी लावला." त्याचे डोळे लाल झाले होते. "वळण संपलं, ती दिसली, हात गेलाच. त्यानंतर माझ्या हातात भोंग्याशिवाय काही उरत नाही. नुसतं बघत बसायचं. गाडी थांबायला दोन किलोमीटर घेते. मी काय करणार?"

"धडक बसली तेव्हा वेग किती होता?" आपांनी विचारलं.

"एकशे ऐंशी. पंच्याऐंशी असेल."

आपांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या म्हणतील, बघा. त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

पण गाव बोलायला लागलं होतं. "ऐकलंत का? दोन किलोमीटर लागतात म्हणे!" "ड्रायव्हर स्वतः सांगतोय!" "वळणावरून दिसलं तरी उपयोग नाही म्हणतोय." तुर्दीकुल अका उठून गंभीरपणे सगळ्यांना समजावू लागले की वेगवान गाडी आणि जुनी गाडी यांत फरक असतो.

तेव्हा मात्र आपांचा बांध फुटला. "आणि मी तीन वर्षं काय सांगत होते? काय सांगत होते मी? हेच दोन किलोमीटर तुम्हाला चालवून दाखवायला निघाले होते, दगडावर बसलात तुम्ही! टेकडी सांगितली, पॉपलर सांगितला, सेकंद मोजून दाखवले!"

अका ओशाळले. टोपी मागेपुढे करत म्हणाले, "आपा, तुम्ही ज्यूल सांगत होतात."

या वेळी कुणी हसलं नाही.  आपा वळल्या आणि एकट्याच घराकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेले. वाटेत त्या म्हणाल्या, "दिलोरोम, माझं गणित बरोबर होतं. वेग पण बरोबर आला. पण त्यात चारशे टन धरले, साठ मीटर धरले, आणि आत बसलेला तो पोरगा धरलाच नव्हता मी. त्यालाही धडक बसते हे मला कधी सुचलंच नाही. मी पण काय शिकवते कुणाला!"

मी म्हटलं, "तुम्ही आता स्वतःवरही वैतागणार का?"

"मग? मीच तेवढी राहिले होते."

भोक त्याच दिवशी बुजलं. तुर्दीकुल अकांनी स्वतःच्या घरातून पक्कड आणली आणि तार ओढून शिवली, दोन्हीकडची, इतक्या सफाईनं की ती पक्कड आधी तिथे काय करून गेली असेल ते वेगळं सांगावं लागलं नाही. 

पण गुरं पलीकडे न्यायची कशी, हा प्रश्न होताच. पाचेकशे मीटरवर रुळांखालून पाण्याची एक जुनी मोरी जात होती, वर्षानुवर्षं गाळानं भरलेली. रेल्वेच्या कचेरीची परवानगी मिळवायला या वेळी पत्र आपांनी नाही, अकांनी लिहिलं, तीन ओळींचं, त्यात एकही आकडा नव्हता. महिन्याभरात परवानगी आली. आपा दोन दिवस जेवल्या नाहीत, असं मी म्हणणार नाही, पण जेवताना त्यांनी पाव मोडला तो कुणाची तरी मान मोडल्यासारखा. दोन रविवार सगळ्या गावानं फावडी घेऊन गाळ उपसला. गायी आरामात जातात. माणसाला मात्र वाकावं लागतं, आणि पहिल्याच दिवशी डोकं आपटलं ते आपांचं.

होसियत खाला पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. मग उठल्या आणि गोष्ट सांगत सुटल्या. प्रत्येक वेळी गाडीचा वेग वाढायचा. दोनशे, तीनशे, एका लग्नात तर पाचशेवर गेला. आपा समोर असल्या की तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या, आणि खाला म्हणायच्या, "तू होतीस का तिथे रुळांवर? मी होते!"

सप्टेंबरात शुहरत सुट्टी घेऊन बायकोसह आला. खालांसाठी ओढणी, समरकंदचे नान. तुर्दीकुल अकांनी अंगणात कढई चढवली, गाजराचा पुलाव केला, अर्धं गाव बोलावलं. शुहरतनं खालांचे हात आपल्या कपाळाला लावले आणि दोघंही बराच वेळ रडली. मग जेवणं सुरू झाली. आपांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मला वाटलं, त्या त्याची चौकशी करतील, झोप लागते का, पुन्हा गाडीवर जाताना भीती वाटते का. केलीही त्यांनी, अगदी हळू आवाजात, आणि तो मान खाली घालून बराच वेळ सांगत राहिला.

पण मग त्यांनी पिशवीतून वही काढली. "बरं, आता मला सांग, पाऊस असला की थांबायला किती लागतात? रूळ ओले असले की?"

"आपा, पाहुणा आहे तो," तुर्दीकुल अका पलीकडून ओरडले. "पुलाव गार होतोय!"

"दोन मिनिटं."

"तीन किलोमीटरच्या आसपास धरा," शुहरत घास खाली ठेवत म्हणाला. "पण अंदाजच आहे, आपा."

"अंदाज नको. वेग किती होता तेव्हा? ताशी नको सांगू, सेकंदाला सांग."

होसियत खाला उठल्या, लंगडत आल्या, आपांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि आपल्या कमरेच्या ओढणीत खोचली. आपांनी रागानं वर पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. खालांनी त्यात भाताचा घास घातला.